मी बरी झालो

आमच्या कामात आधी नाव लिहायचं, मग बापाचं नाव, मग गाव. लेख लिहायला बसलो तरी हात त्याच क्रमानं चालतो. म्हणून पहिली नोंद अशी: झैनब बेगम बिन्ते अब्दुल करीम, राहणार औरंगाबाद, हुद्दा उर्दू अनुवादक. आम्ही त्यांना आपा म्हणायचो. आई-वडील सोडले तर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार या बाईंचे आहेत.

दुसरी नोंद माझी. उत्तम वल्द देवराव भालेराव, राहणार बिडकीन. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘बिन्ते’ म्हणजे मुलगी. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबायचे आणि आई त्यांच्या बरोबरीनं. दहावीच्या पुढं गेलेला घरात मी पहिला, आणि बी.ए. झालेला तर अख्ख्या गल्लीत पहिला. शहरातल्या एका कोर्टाच्या अभिलेख कक्षात, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये, मी लिपिक म्हणून लागलो आणि तिथूनच अभिलेखपाल म्हणून निवृत्त झालो. कोर्टाचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती, इमारतीची नव्हती.

निवृत्तीनंतर दुपारी जेवण झालं की डोळा लागतो आणि मी परत त्या खोलीत असतो. उंच छताजवळ दोन झरोके, त्यातून उन्हाची तिरपी पट्टी खाली आलेली आणि तिच्यात धूळ सावकाश फिरते आहे. दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या. त्यांवर कापडात बांधलेले बस्ते एकमेकांना टेकून झोपलेले. खरोखर झोपल्यासारखेच दिसायचे ते. कुणाचा खून, कुणाची काडीमोड, कुणाची बांधावरची मारामारी, सगळे एकाच सुती कापडात, कुशीवर. बाहेरून शिपायाचा पुकारा ऐकू येतो, अमका वल्द तमका हाजिर हो. झोपेत मला वाटतं की मांडणीवरचा एखादा बस्ता हलेल आणि म्हणेल, आहे साहेब, इथंच आहे.

लोकांना वाटतं, कोर्टातलं जुनं कागदपत्र शोधणं म्हणजे कपाट उघडून फाईल काढणं. तसं नसतं. केस निकाली निघाली, अपिलाची मुदत संपली की तिचे कागद आमच्याकडं येतात. आम्ही त्यांची वर्गवारी करतो. काही कागद कायम ठेवायचे, काही ठरावीक वर्षं ठेवून नष्ट करायचे. रजिस्टरं आणि निकालपत्रं जास्त जगतात, अर्ज आणि तारखांचे कागद लवकर जातात. शोधायला तीन गोष्टी लागतात: कोणतं कोर्ट, कोणतं साल, कितवा नंबर. यातलं माणसाजवळ सहसा एकही नसतं. असला तर पोलीस ठाण्याचा गुन्हा नंबर असतो, आणि तो कोर्टाचा नंबर नसतो. दहातले सहा जण तोच नंबर घेऊन येतात आणि आपल्याला फसवलं असं समजून माझ्याकडं बघतात. मी खुर्ची द्यायचो आणि विचारायचो, त्या वेळी पाऊस कसा होता, कुणाचं लग्न होतं, घरात कोण लहान होतं. साल असं सापडतं.

आता बरंचसं मोबाईलवर दिसतं. नाव टाका, केस बघा. पण संगणकाला नाव कळतं, माणूस कळत नाही. बिडकीनच्या बाजूला नवे कारखाने आले तेव्हा तिथं लागलेला एक तरुण माझ्याकडं आला. कंपनीनं त्याचं नाव कुठंतरी तपासलं आणि चोरीची केस निघाली म्हणून त्याला थांबवून ठेवलं. मी रजिस्टर काढलं. नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच, बाप निराळा. वल्द नावाचा शब्द इंग्रज गेले, निजाम गेला, तरी कामाचा आहे तो असा. प्रमाणित नक्कल घेऊन पोरगा गेला आणि पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आला. म्हणाला, “काका, माझा बाप वेगळा हाय हे सांगायला कोर्टाचा शिक्का लागला.”

गुलमंडीतले एक कापडवाले होणाऱ्या जावयाची केस बघायला आले होते. पोराचं नाव कुठल्याशा फौजदारीत आहे अशी कुणकुण त्यांना लागली होती. निकालपत्र वाचलं तर पोरगा साक्षीदार होता, आणि सख्ख्या काकाविरुद्ध खरं बोलला होता. कापडवाल्यांनी तो परिच्छेद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि सुपारी फोडायला गेले.

एक गृहस्थ दर वर्षी संक्रांत झाली की यायचे. स्वतःच्या निर्दोष सुटकेची नवी नक्कल मागायचे. मी एकदा विचारलं, गेल्या वर्षीची कुठं गेली? ते म्हणाले, घड्यांवर फाटली. मला हसू आलं होतं. आज ते हसू परत घ्यावंसं वाटतं.

आता आपा. मी नोकरीला लागलो तेव्हा माझं बोलणं ‘इथं-तिथं’चं, शर्ट मामाचा. जेवणाच्या सुट्टीत मी मांडण्यांच्या मागं जाऊन डबा खायचो, कारण डब्यात रोज भाकरी आणि चटणी, आणि ती दाखवायची लाज. आपा पन्नाशीच्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. त्या एकदा मांडणीमागं येऊन उभ्या राहिल्या.

“क्या मियाँ, कागज के चूहे हैं क्या तुम? अंधेरे में कायकू खाते?”

त्या दिवसापासून आम्ही त्यांच्या टेबलावर जेवलो. त्यांच्या डब्यातली खट्टी दाळ, माझी चटणी. जेवण झालं की त्या हात पुसून पाठकोऱ्या कागदावर एक उर्दू अक्षर काढायच्या. बे, पे, ते. एका होडीखाली एक टिंब दिलं की बे, तीन दिली की पे, वर दोन दिली की ते. निजामाच्या राज्यात कोर्टाचा कारभार उर्दूत होता, त्यामुळं आमच्याकडची सगळी जुनी रजिस्टरं उर्दूत. ती वाचणारं माणूस एकच उरलं होतं. आपा म्हणायच्या, मी गेले की हे सगळे मुके होतील, म्हणून तू शीक.

उर्दूची एक गंमत बाहेरच्या वाचकाला सांगायला हवी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. मराठीत काना-मात्रा-वेलांटी लिहावीच लागते. उर्दूत छोटे स्वर सहसा लिहीतच नाहीत. अक्षराच्या वर तिरकी रेघ दिली तर ‘अ’, तिला जबर म्हणतात. वर छोटा वळसा दिला तर ‘उ’, त्याला पेश म्हणतात. पण घाईत लिहिणारा कारकून हे काही देत नाही. वाचणाऱ्यानं शब्द ओळखायचा, माणूस चालीवरून ओळखतात तसा.

चारेक महिन्यांनी एका दुपारी आपांनी माझ्यासमोर चिठ्ठी ठेवली. जुनं रजिस्टर चाळताना त्यांना एका मुकदम्यातल्या साक्षीदारांची यादी दिसली होती. त्यातली एक ओळ त्यांनी मराठीत उतरवली होती: गवाह, लिंबा वल्द तुका, साकिन बिडकीन. साकिन म्हणजे राहणार. लिंबा हे माझ्या आजोबांचं नाव. त्यांच्या बापाचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. लिहून ठेवणारंच कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी मी बिडकीनला गेलो आणि वडिलांना सांगितलं की आपल्या पणज्याचं, म्हणजे माझ्या पणज्याचं, नाव तुका होतं. वडील उठले. मग त्यांनी अंगणात जाऊन ते नाव एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. कुणाला हाक मारावी तसं.

हे ते उपकार.

त्याच सुमारास साहेबांचा हुकूम आला की उर्दू रजिस्टरांची पानं झडत चालली आहेत, मराठीत सूची करा. नाव, वल्द, गाव, गुन्हा, निकाल, एवढे पाच रकाने. पानाच्या तळाशी दोन सह्या: वाचणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. आपा वाचायच्या, लिहायच्या, परत तपासायच्या. सगळ्यांसमोर सांगायच्या, “मेरे दस्तखत के नीचे गलती निकली तो मेरे कू बताना. मर गई तो कबर पे आके बताना.” मधेच त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. तेवढे दिवस सूची मी पुढं नेली. डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन त्या परत आल्या तेव्हा माझी तीसेक पानं तयार होती. ती घेऊन मी उभा राहिलो. छाती भरून आली होती, कबूल करतो.

मग आपा निवृत्त झाल्या, भाचीकडं हैदराबादला गेल्या. सूची आमच्याकडं राहिली आणि आम्ही तिच्यावरच काम करू लागलो. मूळ रजिस्टर कोण उघडतंय? हात लावला की पान तुटायचं.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, सरूबाई आल्या. दौलताबादच्या पायथ्याजवळचं गाव. वय ऐंशीच्या पुढं, पाठीत वाकलेल्या, हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी आधी चार सीताफळं काढून टेबलावर ठेवली. मी म्हणालो, आजी, इथं काही घेत नाहीत.

“घिऊ नगा. वास तर घ्या. त्याच्यावरूनच साल काढायचंय.”

मी खुर्ची दिली. त्यांनी सांगितलेलं असं. त्या पाच-सहा वर्षांच्या होत्या, पुढचे दात पडलेले. त्यांचा बाप किसन याच्यावर गावच्या पाटलानं आळ घेतला की मळ्यातल्या विहिरीवरचा मोटेचा नाडा आणि लोखंडी चाक यानंच नेलं. शिपाई येऊन त्याला घेऊन गेले. दोन-तीन महिन्यांनी सीताफळं पिकली तेव्हा तो पायी परत आला. लोक पारावर जमले. विचारलं, काय झालं रं? तर तो एकच वाक्य बोलला.

“म्हनला, मी बरी झालो.”

सगळा पार हसला. बरी? बाई हायेस का? बरा झालो म्हन की. आजारी व्हतास व्हय तिथं? किसनला लिहिता-वाचता येत नव्हतं. कोर्टात जे बोललं गेलं तेच त्यानं जसंच्या तसं, सांडू न देता गावापर्यंत आणलं होतं. त्याचा अर्थ त्यालाही पुरता सांगता येईना. लोकांनी कायमचं नावच पाडलं: बरी. त्याचं घर म्हणजे बरीचं घर. बैल हरवला, कोंबडी गेली, की म्हणायचे, बरीच्या घरात बघा. बाप त्याच नावानं मेला. पोरींची लग्नं बारा गावं सोडून करावी लागली.

“भाऊ व्हता माझा, दगडू,” त्या म्हणाल्या. “त्यो एकदा आलता इथं, कागुद बघायला. लई वरसं झाली. परत आला तवा जेवला नाय. मला म्हनला, अक्का, इथून पुढं बापाचं नाव काढू नको. काय निघालं कागदात ते नाय सांगितलं. त्यो बी गेला आता. मला तेवढं सांगा, काय लिवलंय. चोर तर चोर. माझं काय जळाया गेलं. पर ह्ये ‘बरी’ काय हाय, त्ये कळू द्या.”

त्या शब्दाशी माझा हात थांबला. त्यांनी तो म्हटला तसा, ‘ब’वर जोर देऊन, मी आपांच्या तोंडून ऐकला होता. उर्दूत ‘बरी’ म्हणजे आरोपातून सुटलेला. पुरुष असो की बाई, शब्द तोच, त्याला आपल्यासारखं लिंग नाही. किसन बरोबर बोलला होता. निर्दोष सुटलो, असंच त्यानं पाराला सांगितलं होतं, आणि पारानं त्याला मराठीचं व्याकरण शिकवलं होतं.

सरूबाईंना बसवून मी सूची काढली. निजामाच्या कारभारात फसली साल चालायचं. त्यात पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन येतं. नवं साल आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमाराला, नेमकं सीताफळांच्या दिवसांत लागायचं. म्हणून सीताफळांची केस दोन्ही सालांत शोधावी लागते, सरत्या आणि लागत्या. आडनावानं शोधून उपयोग नाही, त्या काळी आडनाव लिहीत नसत. दुसऱ्या सालात सापडली: किसन वल्द भिका, साकिन अमुक, सरका, म्हणजे चोरी. निकालाच्या रकान्यात लिहिलं होतं, शिक्षा.

अक्षर माझं होतं.

मूळ रजिस्टर काढायला मला अर्धा तास लागला. खरं तर पाच मिनिटांचं काम. झरोक्याखाली नेऊन मी ते पान उघडलं. एखाद्या बदली कारकुनाचं अक्षर होतं, इतर पानांवर नसलेलं. त्या रजिस्टरात बाकी सगळीकडं सुटलेल्याला ‘रिहा’ लिहायची पद्धत. या एका पानावर तीन ओळींत निराळाच शब्द. बे, रे, ये. वर जबर नाही, पेश नाही, काही नाही. जबर धरला तर ‘बरी’. पेश धरला तर ‘बुरी’.

चार महिन्यांची उर्दू शिकलेला मी. ‘बरी’ हा कायद्याचा शब्द तोवर माझ्या कानावरून गेलेला नव्हता. सिनेमातली ‘बुरी’ मात्र माहीत होती. बुरी, म्हणजे वाईट. निकाल वाईट लागला, म्हणजे शिक्षा झाली. असा अर्थ लावून मी तीन ओळींत तीनदा ‘शिक्षा’ लिहिलं होतं, सुबक अक्षरात. पुढं तो शब्द शिकलो, दुसऱ्या रजिस्टरांत शेकडो वेळा वाचला, पण मागं वळून ते पान पाहावं असं कधी मनात आलं नाही.

पानाच्या तळाशी माझी सही. शेजारी ‘तपासले’, आणि आपांच्या सहीचा झ.

तेव्हा ती दुपार मला दिसली, पाण्याच्या तळाशी पडलेली वस्तू दिसावी तशी. आपा खुर्चीत, डोळ्यावर हिरवी पट्टी. मी पानं पुढं केली. त्यांनी वरची दोन वाचली. मग विचारलं, “तू लिखा है ना?” मी म्हणालो, हो आपा. “फिर हौ,” म्हणजे मग झालं, असं म्हणून त्यांनी बाकीच्या सगळ्या पानांवर न बघता सह्या केल्या. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान मी समजत होतो. वर्षानुवर्षं ती आठवण काढून मी खूश व्हायचो.

शोध अर्जांचं जुनं रजिस्टर पाहिलं. दगडू किसन, अंगठा. त्यापुढं माझ्याच हातचं उत्तर: शोध घेतला, निकाल शिक्षा. ती भेट मला मुळीच आठवत नाही. खूप प्रयत्न केला. झोपेत कधीकधी काउंटरच्या पलीकडं एक माणूस उभा दिसतो. टोपी काढून हातात धरलेली. मी काहीतरी सांगतो आणि तो मान हलवतो. पण तो तोच आहे का, हे कोण सांगणार.

टेबलाशी परत आलो तेव्हा सरूबाई झरोक्यातल्या उन्हाकडं बघत बसल्या होत्या. मी उभा राहूनच सांगितलं. तुमचा बाप निर्दोष सुटला होता. तुमच्या भावाला उलटं सांगितलं गेलं. ते मी सांगितलं.

त्यांनी उन्हावरची नजर माझ्याकडं वळवली. मग म्हणाल्या, “तुम्ही तवा नवे व्हते का?”

“व्हय,” मी म्हणालो. इतक्या वर्षांत सुटलेली गावची भाषा आपोआप तोंडात आली.

“दगडू बी कोर्टात नवाच व्हता.” एवढंच. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. मागितली असती तर द्यायचं ओझं परत त्यांच्यावरच.

मी रीतसर अर्ज करून घेतला. साहेबांना सगळं लेखी कळवलं. सूचीतल्या तिन्ही ओळी लाल शाईनं दुरुस्त झाल्या. बाकीच्या दोन माणसांचं कुणी अजून आलेलं नाही. आलं तर बरोबर उत्तर मिळेल. आठवड्यानं प्रमाणित नक्कल तयार झाली, शेजारी मराठी भाषांतर: ‘आरोपीची निर्दोष मुक्तता करण्यात आली.’ सरूबाईंना वाचून दाखवलं. त्या खूश होतील असं मला वाटलं होतं.

“माझ्या बापाचा शबुद कुठं हाय ह्याच्यात?”

मी म्हणालो, हाच त्याचा अर्थ आहे.

“अर्थ तुम्हाला ऱ्हाऊ द्या. त्यानं आनला त्यो शबुद पायजे. त्याच्यावरच हासले ना लोक?”

साहेबांची परवानगी घेऊन भाषांतराखाली एक ओळ वाढवली: मूळ शब्द ‘बरी’. तो उर्दूतही काढून दाखवला. त्यांनी त्या तीन अक्षरांवरून बोट फिरवलं, उलटीकडून, उजवीकडून डावीकडं. म्हणाल्या, एवढासाच हाय की. मग मला म्हणाल्या की हे वाचून दाखवायला तुम्हीच गावात आलं पाहिजे. मी वाचलं तर लोक म्हणतील म्हातारीला काय कळतंय.

रविवारी गेलो. एसटीतून उतरलो तेव्हा किल्ल्याचं वरचं टोक धुक्यात गेलेलं होतं आणि बाकीचा किल्ला त्या धुक्याला टांगल्यासारखा दिसत होता. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या. पारावर पंधरा-वीस माणसं जमवलेली होती. दगडूचा मुलगा होता, तो माझ्याकडं बघत नव्हता. मी आधी माझी चूक सांगितली, मग कागद वाचला. शब्द आला तिथं थांबून अर्थ सांगितला. इथं लिंग चुकलेलं नव्हतं, हा कोर्टाचा शब्द होता, किसन भिका यांनी तो बरोबर सांगितला होता.

 पाराच्या कडेला सरूबाईंच्याच वयाचे एक आजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते हळूच म्हणाले, “मंग आपुन हासत कशाला व्हतो?”

सरूबाई म्हणाल्या, “तू त लईच हासायचा, रंगनाथ. आता म्हन.”

आजोबांनी इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाले, “किसनतात्या बरी झाला.” व्याकरणानं चुकीचं असलेलं ते वाक्य त्या सकाळी पारावर कुणालाच चुकीचं वाटलं नाही. दगडूच्या मुलानं कागद माझ्या हातून घेतला आणि त्याची घडी न घालता दोन्ही हातांत आडवा धरून तो घरी नेला.

परत येताना एसटीत डोळा लागला. खोली दिसली, मांडण्या दिसल्या, एक बस्ता जागेवर नव्हता. जाग आली तेव्हा एक काम राहिलं आहे हे मला पक्कं कळलं होतं. आपांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, सहीखाली चूक निघाली तर मला सांगायचं. पण नव्वदीकडं झुकलेल्या बाईंना, ज्यांनी माझ्या पणज्याचं नाव मला दिलं त्यांना, हे कसं सांगायचं? सांगितलं नाही तर त्यांना मी फक्त म्हातारी समजलो, आपा समजलो नाही. आठ दिवस मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि नवव्या दिवशी उर्दूत पत्र लिहिलं. त्या अजून भिंग घेऊन वाचतात असं भाचीनं कळवलं होतं. कचेरीची सवय म्हणून स्थळप्रत ठेवली. तिचं मराठी देतो.

“आदरणीय आपा,

सलाम. आपल्या सूचीत एक चूक सापडली. पान माझ्या हातचं आहे. आपल्या ऑपरेशनच्या दिवसांतलं. मूळ शब्द बे, रे, ये असा आहे. मी त्यावर मनानं पेश धरला आणि ‘शिक्षा’ लिहिलं. जबर धरायला हवा होता. त्यामुळं एका सुटलेल्या माणसाच्या मुलाला मी या काउंटरवरून सांगितलं की तुझा बाप चोर होता. मुलगा तेच खरं मानून गेला. मुलगी आहे. तिला खरं सांगितलं आहे. त्यांच्या गावातही वाचून दाखवलं.

दुरुस्ती लाल शाईनं केली आणि तिच्यापुढं लिहिलं: वाचणाऱ्याची चूक, उ. दे. भालेराव. ‘तपासले’च्या पुढची आपली सही तशीच आहे. तिच्यावर कुणी काही लिहिलेलं नाही. मला माहीत आहे की आपण ते पान वाचलं नव्हतं. आपण मला वाचलं होतं. त्यात आपली चूक झाली असं मी म्हणणार नाही, पण झाली नाही असं म्हणायचा हक्कही माझा नाही. आपण सांगायला सांगितलं होतं, म्हणून सांगितलं.

मांडणीमागं बसून डबा खाणाऱ्या पोराला आपण उजेडात आणून बसवलं. त्याच्या पणज्याचं नाव शोधून दिलं. आमच्या घरात ते नाव आता भिंतीवर लिहिलेलं आहे, माझ्या नातवाला पाठ आहे. दुसऱ्या कुणाच्या बापाचं नाव माझ्या हातून असं खराब झालं, हे मी कुणाला सांगितलं तर ते म्हणतात, जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे. आपण तसं म्हणणार नाही, म्हणून आपल्यालाच लिहितो आहे.

मुलीचा बाप कोर्टातून घरी येऊन जे बोलला ते खाली उर्दूत लिहिलं आहे. शब्दाच्या बेवर या वेळी जबर दिला आहे. रेघ बारीक आहे, पण दिसते आहे. भिंग लावून एकदा बघा.

सही नुसती करू नका. तपासून करा.

आपला,
उत्तम वल्द देवराव वल्द लिंबा वल्द तुका, साकिन बिडकीन”